लाकूड घेता की पाणी? जळाऊ लाकडाची वखार आणि वाळवणीचं गणित

वखार टाकायला फारसं काही लागत नाही, असं वरवर बघणाऱ्याला वाटतं. रस्त्याकडेची चार गुंठे जागा, एक काटा, दोन-तीन कुऱ्हाडी आणि ओळखीचा ट्रॅक्टरवाला. म्हणून बरेच जण हौसेने सुरू करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात गुंडाळतात. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून वखार बंद पडली, असं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा ओला माल वजनावर घेतलेला असतो, तोच वाळल्यावर वजनावर विकलेला असतो, आणि मधलं पाणी कुणी हिशेबात धरलेलंच नसतं.

या लेखात पश्चिम महाराष्ट्राचं पठार आणि कोकण डोळ्यांपुढे ठेवून सगळं सांगितलं आहे. विदर्भ-मराठवाड्यात ऊन जास्त असल्याने वाळवणीचे दिवस थोडे कमी धरा, बाकी गणित तेच.

पाण्याचा हिशेब

ताज्या तोडलेल्या लाकडात जातीप्रमाणे ३५ ते ५० टक्के वजन पाण्याचं असतं. पांगारा, सावर, शेवगा अशा हलक्या झाडांत ते याहूनही जास्त. समजा तुम्ही १ टन ओली निलगिरी किंवा सुबाभूळ घेतली आणि तिच्यात ४५ टक्के पाणी आहे. म्हणजे खरं लाकूड ५५० किलो. ते वाळून २० टक्क्यांवर आलं की वजन भरेल सुमारे ६८८ किलो. ३१२ किलो पाणी हवेत गेलं, आणि त्याचे पैसे तुम्ही मोजले होते.

आता हेच रुपयांत बघू. खालचे दर फक्त हिशेबापुरते धरलेत, तुमच्या भागातले घालून बघा. १० टन ओला माल ३,००० रुपये टनाने ३०,०००. वाहतूक ८,०००. कापणं आणि फोडणं ९,०००. थप्पी लावणं २,०००. एकूण ४९,००० रुपये. सरळ १०,००० किलोने भागलं तर किलोला ४ रुपये ९० पैसे पडतात आणि साडेसहाला विकलं तर दीड रुपया सुटल्यासारखा वाटतो. पण वाळल्यावर हातात राहतात ६,८७५ किलो. त्यातून साल, भुसा, चुरा वजा केला की विकण्याजोगे साधारण ६,६०० किलो. किंमत पडली किलोला ७ रुपये ४२ पैसे. साडेसहाला विकणारा माणूस किलोमागे ९२ पैसे स्वतःच्या खिशातून देतोय आणि गल्ल्यात रोख येताना दिसते म्हणून त्याला ते कळतही नाही. डिसेंबरात घातलेले पैसे ऑगस्टमध्ये परत येतात, त्याचं व्याज यात अजून धरलेलंच नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही हेच गणित उलटं लागतं. २० टक्के पाणी असलेल्या १ किलो लाकडातून साधारण ३,४०० किलोकॅलरी उष्णता मिळते. ४५ टक्के पाण्याच्या लाकडातून २,१५० च्या आसपास, कारण आतलं पाणी उकळून वाफ करण्यातच आग खर्ची पडते. म्हणजे वाळलेल्या १०० किलोचं काम करायला ओलं लाकूड जवळजवळ १६० किलो लागतं. वर धूर, काळी भांडी आणि आचाऱ्याच्या शिव्या. हे आकडे पाठ करून ठेवा, दरावरून घासाघीस सुरू झाली की हेच कामाला येतात.

आधी गिऱ्हाईक, मग वाळवणीची पद्धत

लाकूड कसं वाळवायचं हा प्रश्न नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो. खरं तर कुणाला विकायचं हे ठरलं की त्याचं उत्तर आपोआप मिळतं.

हमरस्त्यांवर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्यांची हॉटेलं वाढली आहेत. माझ्या मते आज वखारवाल्यासाठी हे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. त्यांना वर्षभर माल लागतो, एकसारखी फोड लागते आणि धूर नको असतो, कारण गिऱ्हाईक चुलीशेजारीच जेवायला बसलेलं असतं. लांबी १५ ते १८ इंच, जाडी २ ते ३ इंच आणि पाणी २० टक्क्यांच्या आत, एवढं सांभाळलं तर किलोला रुपया-दोन रुपये जास्त द्यायला ते कुरकुरत नाहीत.

लग्नसराईतले आचारी जाड, जास्त वेळ टिकणारं जळण मागतात. एकदम मोठी मागणी, पण हंगामी, आणि उधारीवर. हुरड्याच्या दिवसांत आणि थंडीत शेतघरं, रिसॉर्टवाले शेकोटीसाठी घेतात. तिथे फोड कशीही चालते, पण गिऱ्हाईक शहरी असल्याने लाकूड पहिल्या काडीला पेटलं पाहिजे. भट्टीतला पिझ्झा करणाऱ्यांना १५ टक्क्यांच्या आसपासचं, साल काढलेलं, अगदी स्वच्छ लाकूड हवं असतं. मागणी थोडी, पण दर सगळ्यांत वरचा. कोल्हापूर-सांगलीकडे आणि कोकणात अजून बऱ्याच घरांत पाणी तापवायचा बंब आहे. त्याला सहा-आठ इंची बंबफोड लागते. मोठी फोड करताना उरणारे तुकडे इथे जातात, म्हणून हे गिऱ्हाईक कधी तोडू नका.

स्मशानभूमीचा पुरवठा हा वेगळाच धंदा आहे. एका अंत्यसंस्काराला साधारण २५० ते ३०० किलो लाकूड लागतं, माल जाड ओंडक्यांचा, आणि नगरपालिका असेल तर निविदा भरावी लागते. दर कमी, बिल उशिरा. तरीही यात ओला माल घालणाऱ्याला मी धंदेवाला म्हणणार नाही. पावसाळ्यात चिता पेटत नाही आणि घरच्यांना डबेच्या डबे डिझेल ओतावं लागतं, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. जाड ओंडके वाळायला सगळ्यात जास्त वेळ घेतात, म्हणून हा पुरवठा घ्यायचा तर आदल्या दिवाळीचा माल छपराखाली हवा.

मुंबईतल्या बेकऱ्यांच्या भरवशावर मात्र नवी गुंतवणूक करू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या तिथल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. बाकीच्या शहरांतही वारं त्याच दिशेने वाहतंय असं धरून चाला.

माल कोणता आणि कुठला

बाभूळ हे पठारावरचं पहिल्या नंबरचं जळण. जड, निखारा टिकणारं, ठिणग्या कमी. वेडी बाभूळ तिच्या तोडीस तोड जळते आणि ओढ्या-नाल्यांकाठी, पडीक रानात फुकटात माजलेली असते. तिच्या काट्यांमुळे मजुरी मात्र वाढते आणि ट्रॅक्टरचं टायरही फुटतं. सुबाभूळ आणि निलगिरी लवकर वाळतात, भरभर जळतात. पेटवायला उत्तम, निखाऱ्याला बेताच्या. सुरूचं लाकूड उत्कृष्ट जळतं. कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर मिळते, चांगली जळते. चिंचेचा निखारा जबरदस्त, पण ती वाळल्यावर फोडणं म्हणजे दगड फोडणं. आंब्याचं लाकूड पावसात राहिलं की लगेच कुजायला लागतं, ते आधी संपवा.

काही लाकूड वखारीत घेऊच नका. कण्हेर विषारी आहे, तिच्यावर स्वयंपाक नको. बिब्ब्याचं लाकूड हाताळणाऱ्याच्या अंगावर उततं आणि त्याचा धूरही बाधतो, हे खेड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, पण परगावचा मजूर अनभिज्ञ असू शकतो. रंग दिलेलं, प्लायवूडचं, जुन्या बांधकामाचं लाकूड स्वस्त मिळतं. ते चुलीवरच्या हॉटेलला देणं म्हणजे रंगातलं विष ताटात वाढणं. वड, पिंपळ, उंबर बरीच गिऱ्हाइकं चुलीत घालत नाहीत. तुमची श्रद्धा काहीही असो, हा माल वेगळा ठेवा आणि विचारल्यावर खरं सांगा.

माल मिळतो शेताच्या बांधावरून, फळबागा काढणाऱ्या शेतकऱ्यांकडून, रस्तारुंदीच्या कामांतून, विजेच्या तारांखालच्या छाटणीतून. महाराष्ट्र वनविकास महामंडळ आणि वनविभागाच्या आगारांत जळाऊ लाकडाची रीतसर विक्री होते. विदर्भात हा मार्ग जास्त सोयीचा, आणि त्यात कागदपत्रं माल घेतानाच हातात पडतात.

खरेदीची वेळ ठरवताना ऊसतोडीकडे लक्ष ठेवा. नोव्हेंबर ते मार्च साखर कारखाने चालू असतात, तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉली आणि तोडीचा मजूर दोन्ही महाग होतात. शक्य असेल तर दसरा ते दिवाळी या मधल्या खिडकीत निम्मा माल वखारीत आणून टाका. पाऊस सरलेला असतो, कारखान्यांची धुराडी अजून पेटलेली नसतात.

कागदपत्रं: कंटाळवाणं, पण ट्रक अडकल्यावर कळतं

‘माझ्या रानातलं झाड आहे, कोण विचारणार’ असं शेतकरी म्हणतो. विचारतात. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा १९६४ च्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी ही झाडं आहेत. खासगी जमिनीवरचीही ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो आणि तिथे परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते.

तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जातींना वाहतूक परवान्यातून सूट असते, पण यादी बदलत राहते. म्हणून पहिली गाडी भरण्याआधी तुमच्या भागातल्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन चालू यादी मागून घ्या. शेतकऱ्याकडून सातबाऱ्याची प्रत आणि सहीचं संमतिपत्र घ्या आणि प्रत्येक खेपेला त्याची छायाप्रत ड्रायव्हरकडे ठेवा. चेनसॉ आणि फोडयंत्रावर काम भागवा. आरा यंत्र बसवायचा मोह झाला तर आधी आरागिरणीच्या परवान्याची चौकशी करा, तो सहज मिळत नाही.

जळाऊ लाकडावर जीएसटी शून्य आहे, तरी लेखापालाला एकदा विचारून ठेवा, कारण तुम्ही बरोबर पेलेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) विकू लागलात की चित्र बदलतं. काटा वैधमापन खात्याकडून दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्या. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि मालाचा आगीचा विमा, दोन्ही पहिल्या महिन्यातच.

फोडायचं ओलं असतानाच

पाणी लाकडातून बाहेर पडतं ते मुख्यतः कापलेल्या तोंडांतून. रेषांच्या दिशेने ते आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने वाहतं आणि साल तर त्याला जवळजवळ अडवूनच धरते. म्हणून चार फुटी ओंडका उन्हात महिनोन्‌महिने पडून आत ओलाच राहतो, आणि त्याचेच दीड फुटी तुकडे करून फोडले की बघता बघता वाळतात. जाडी निम्मी केली तर वाळायचा वेळ ढोबळमानाने एक चतुर्थांशावर येतो. या एका नियमात वाळवणीचं अर्धं शास्त्र आलं.

माल आला की आठवड्याभरात कापून फोडून टाका. ओली बाभूळ कुऱ्हाडीला सरळ चिरते, वाळलेली कुऱ्हाडीचा दांडा मोडते. महिन्याला १५-२० टनांच्या वर काम गेलं तर ट्रॅक्टरवर चालणारं हायड्रॉलिक फोडयंत्र परवडतं, त्याखाली मजुरीच स्वस्त. चेनसॉ चालवणाऱ्याला चष्मा, बूट आणि पायाचं कवच हवं. तो ‘नको’ म्हणेल, तरी द्या.

चार पद्धती, आणि माझं मत

पहिली, उघड्यावर थप्पी. खर्च जवळजवळ शून्य. पठारावर जानेवारी ते मे हवा इतकी कोरडी असते की ३-४ इंची फोड दोन-तीन महिन्यांत २० टक्क्यांच्या खाली येते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि त्या हवेत लाकूड पुरेसा वेळ राहिलं तर ६-७ टक्क्यांपर्यंतही वाळू शकतं. अशी हवा फुकट मिळत असताना तिचा पुरेपूर वापर न करणं हा धंद्यातला आळस आहे. अडचण एकच, वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं की वरून झाकायला ताडपत्री हाताशी हवी.

दुसरी, चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं छप्पर. लाकूड इथे थोडं हळू वाळतं, पण वाळलेलं लाकूड वाळलेलं राहतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर याला पर्याय नाही.

तिसरी, पॉलिहाऊसच्या कागदाचा बोगदा. सिमला मिरची किंवा फुलशेती सोडून दिलेल्या शेतकऱ्यांकडे जुने सांगाडे स्वस्तात मिळतात. आत बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंश जास्त तापतं आणि वळवाच्या पावसाची भीती राहत नाही. पण हा बोगदा बंद ठेवणारे फार. ‘जितका बंद तितका गरम’ असं त्यांना वाटतं. मग निघालेली वाफ कागदाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन परत लाकडावरच पडते आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी दिसते. वरच्या टोकाला एक्झॉस्ट पंखा, खालच्या टोकाला हवा घ्यायला झडप आणि जमिनीला काळा रंग किंवा काळी मुरूम-खडी, एवढं हवंच. दिवसा पंखा चालू, रात्री झडपा बंद. ऑक्टोबर ते मे हा बोगदा छान चालतो. जुलैत ऊनच नसतं, तेव्हा तो नुसता महागडा तंबू.

चौथी, गरम हवेची भट्टी. व्हिडिओ बघून इथेच सगळ्यांचं मन अडकतं. ते व्हिडिओ बहुतेक युरोप-अमेरिकेतले असतात. इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी मापात विकलेल्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही, असा कायदा आहे आणि हवा बाराही महिने दमट. त्या माणसाला भट्टी परवडते कारण त्याच्याकडे आपला एप्रिल नाही.

भट्टीचं गणित असं. ४५ वरून २० टक्क्यांवर आणायला टनामागे ३१२ किलो पाणी उडवावं लागतं. भट्टी बरी बांधलेली असेल तर त्यासाठी १०० ते १५० किलो वाळलं लाकूड जाळावं लागतं, म्हणजे हाती येणाऱ्या मालाच्या १५ ते २२ टक्के. शिवाय पंख्यांची वीज आणि रात्री जागणारा माणूस. तुमच्याकडे साल, चुरा, वेडेवाकडे बुंधे असा न खपणारा माल ढिगाने पडत असेल तर इंधनाचा खर्च कमी होतो. पिझ्झावाल्यांचा किंवा शहरातल्या दुकानांत पिशव्या ठेवण्याचा वर्षभराचा लेखी करार हातात असेल तर भट्टीचा विचार करा. त्यातून एक जास्तीचा फायदा मिळतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास राहिली की आतली कीड मरते. निर्यातीच्या लाकडी पेट्यांसाठी जगभर हाच नियम आहे.

सुरुवात करणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षं पहिली आणि दुसरी पद्धत जोडीने वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर ते मे उघड्यावर वाळवा, मेच्या अखेरीस छपराखाली हलवा. भट्टीसाठी काढलेल्या कर्जात तिप्पट मोठं छप्पर होतं आणि छपराला रात्री कुणी जागावं लागत नाही. १० टन वाळलेल्या मालाला जातीप्रमाणे ८ ते १० ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) जागा लागते. पाच फूट उंच थप्पी आणि मधल्या वाटा धरून साधारण ४०० चौरस फूट छप्पर.

थप्पी लावण्याची रीत

जागा उंचवट्याची निवडा आणि खाली मुरूम टाका. त्यावर दगड किंवा जुने पॅलेट ठेवून लाकूड जमिनीपासून किमान अर्धा फूट वर उचला. थेट मातीवर ठेवलेला खालचा थर वाळवीला वाहिलेलाच समजा.

थप्पीची रुंदी एका फोडीच्या लांबीएवढीच. दोन-तीन फोडी एकामागे एक लावल्या की मधल्या ओळीला वारा मिळत नाही. दोन थप्प्यांमध्ये दोन-अडीच फूट मोकळं सोडा. कापलेली तोंडं वाऱ्याकडे करा. आपल्याकडे उन्हाळ्यातला वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो, त्यामुळे थप्पी दक्षिणोत्तर गेली की वारा आरपार जातो. टोकांना आडव्या-उभ्या जाळीचे खांब रचा, म्हणजे थप्पी ढासळत नाही. सगळ्यांत वरच्या थरात साल वरच्या बाजूला ठेवा.

झाकायचं ते फक्त डोकं. ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळून दोरीने आवळलेली थप्पी बाहेरून नीटनेटकी दिसते आणि आत घामेजते. पत्रा टाकला तर तो दोन्ही बाजूंना दीड फूट बाहेर येऊ द्या.

प्रत्येक थप्पीवर खडूने जात, आणल्याची तारीख आणि ओलं वजन लिहा. हे न करणाऱ्याला ऑगस्टमध्ये कुठली थप्पी आधी उचलायची ते नाकाने हुंगून ठरवावं लागतं.

वाळलं का, हे कसं बघायचं

दोन फोडी एकमेकींवर आपटल्या की वाळलेल्या टणटणीत वाजतात, ओल्या भद्द. तोंडाला चिरा पडतात, साल सैल होते. रोजच्या कामाला एवढं पुरतं, मालाची हमी द्यायला पुरत नाही.

सगळ्यात भरवशाची आणि बिनखर्चाची रीत वजनाची. थप्पी लावतानाच मधल्या थरातल्या पाच-सहा फोडींना रंगाने खूण करा आणि वजन लिहून ठेवा. दर आठवड्याला काढून तोला. लागोपाठ दोन आठवडे वजन एका टक्क्याहून कमी उतरलं तर त्या हवेत ते लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

टोचणीचं ओलमापक यंत्र घेतलं तर ते वरच्या पृष्ठावर टोचू नका, वरचा पापुद्रा नेहमी कोरडाच असतो. फोड मध्यावर चिरा आणि ताज्या उघडलेल्या आतल्या बाजूला सुया रुतवा. आणखी एक गोम आहे. बहुतेक यंत्रं पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या तुलनेत सांगतात, तर आपण वर केलेला हिशेब एकूण वजनावरचा आहे. यंत्राचे २५ म्हणजे आपले २०. यंत्रावर ३० च्या वर आकडा आला तर तो फक्त ‘ओलं आहे’ एवढंच सांगतो, नेमक्या आकड्यावर विसंबू नका. गिऱ्हाइकाशी लेखी बोलणी करताना कोणता आकडा धरायचा ते आधीच ठरवून घ्या, नाहीतर दोघंही खरं बोलत असताना भांडण होतं.

मृगाच्या आधी, आणि नंतर

कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईकडे ११ जूनच्या आसपास मान्सून येतो. तुमचं वेळापत्रक मात्र २५ मेला संपलं पाहिजे. तोपर्यंत विकायचा सगळा माल छपराखाली.

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आर्द्रता ८५-९० टक्के असते. त्या हवेत लाकूड छपराखाली कितीही दिवस ठेवलं तरी यंत्रावर १८-२० च्या खाली उतरत नाही. उलट मेमध्ये १० वर वाळवलेलं लाकूड हवेतली ओल हळूहळू ओढून १६-१७ वर येतं. ते चालतं, जळायला काही अडत नाही. पण जूनमध्ये ओला माल घेऊन ‘छपराखाली वाळेल’ म्हणणारा सप्टेंबरपर्यंत फक्त बुरशी पिकवतो. पठारावर, पर्जन्यछायेतल्या खटाव-माण-आटपाडीकडे परिस्थिती बरी असते, तरी नियम तोच ठेवा.

कीड हा दुसरा चोर. सुबाभूळ आणि बाभळीच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा फार लागतो. थप्पीखाली पिठासारखी भुकटी दिसू लागली की समजायचं. फोडून लवकर वाळवलेल्या आणि साल काढलेल्या मालात तो कमी येतो. पीठ पडू लागलेली थप्पी सगळ्यांत आधी विका. जळायला ते लाकूड ठीक असतं, फक्त दर महिन्याला वजन उतरत जातं. कीटकनाशक मात्र मारू नका, त्यावर कुणाची तरी भाकरी भाजली जाणार आहे.

थप्पीत घोणस, फुरसं आणि विंचू मुक्कामाला असतातच. खालचे थर हाताने न उचलता आकड्याने ओढायचे, हातमोजे आणि गमबूट सक्तीचे. जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आगीसाठी दर चार-पाच थप्प्यांनंतर दहा फुटांची वाट, वाळूच्या बादल्या, पाण्याची टाकी, आणि विजेच्या तारेखाली एकही थप्पी नाही.

विकताना

वजनावर विक्री ही ओला माल विकणाऱ्याच्या फायद्याची पद्धत आहे. तुम्ही प्रामाणिकपणे पाणी काढलं की तुमचंच वजन घटतं आणि शेजारचा ओलं लाकूड रुपयाने स्वस्त देतो. यावर दोन उपाय. मोठ्या गिऱ्हाइकाला दर सांगताना ओलीची मर्यादा जोडून सांगा: २० टक्क्यांच्या आत हा दर, जास्त निघालं तर तेवढं वजन वजा. आणि एकदा त्याच्याच चुलीवर, त्याच पातेल्यात, दोन्ही लाकडांनी पाणी उकळून दाखवा. हॉटेलवाला तोलत बसत नाही, पण गॅसच्या टाकीसारखाच लाकडाचाही महिन्याचा खर्च त्याला पाठ असतो.

किरकोळीला कांद्याच्या जाळीच्या गोण्या वापरा. २० किलोची एक गोणी, आत एकाच मापाची फोड आणि वर चार बारीक ढलप्या पेटवणासाठी. जाळीतून हवा खेळत असल्याने गोणीतही लाकूड वाळत राहतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं तर गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत आत दव धरतं.

सगळा वाळलेला माल मेमध्येच विकून मोकळं व्हायची घाई करू नका, भले कुणी रोख घेऊन दारात उभा राहो. निम्मा तरी आषाढ-श्रावणासाठी राखा. त्या दोन महिन्यांत कोरडं लाकूड मिळत नाही आणि दर तुम्ही सांगाल तो असतो. फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकाला उन्हाळ्याच्याच दराच्या जवळपास द्या आणि चढा दर नव्याला लावा. गणपतीनंतर उरलेला माल वेगळ्या थप्पीत काढा, तोलून वहीत चढवा, आणि दसऱ्याला नवा ओला माल येण्याआधी तो बंबफोड करून संपवा, कारण नव्या-जुन्याची एकदा सरमिसळ झाली की पुढच्या वर्षीचा कुठलाच हिशेब जुळत नाही.